विहीर किती फुटांवर, एवढंच विचारू नका

१७ एप्रिल २०१७ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, फायरस्टोन नावाच्या गावात एका राहत्या घराचा स्फोट झाला. तळघरात पाणी तापवण्याचा नवा बंब बसवण्याचं काम चाललं होतं. काम करणाऱ्या दोघांचा जीव गेला, घरातली स्त्री गंभीर जखमी झाली. घर जेमतेम दोन वर्षांचं होतं. त्याच्यापासून १७८ फुटांवर १९९३ साली खोदलेली तेल-वायूची विहीर होती. क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या तर त्यांची लांबीही याहून थोडी जास्त भरेल. वायू मात्र विहिरीच्या तोंडातून वाऱ्यावर आला नव्हता. वापरातून गेलेली एक इंचाची एक नळी घराच्या पायाजवळ जमिनीखाली कापलेल्या अवस्थेत पडून होती, आणि तिचं दुसरं टोक अजून विहिरीला जोडलेलंच होतं. २०१६ मध्ये बराच काळ बंद असलेली ती विहीर २०१७ च्या जानेवारीत पुन्हा चालू झाली. तेव्हापासून त्या नळीतून वायू मातीत आणि मातीतून तळघरात झिरपत राहिला. स्वयंपाकाच्या गॅसचा वास आपल्याला येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. विहिरीतून थेट निघालेल्या वायूला तसा वास नसतो, त्यामुळे घरात कुणालाही काही कळण्याचा मार्गच नव्हता.

वस्तीजवळच्या तेलविहिरींचा वाद सुरू झाला की सगळी ताकद एकाच आकड्यावर खर्च होते: विहीर घरापासून किती फुटांवर असावी? फायरस्टोनची दुर्घटना त्या प्रश्नाच्या चौकटीत बसत नाही. तिथे विहीर घराजवळ आली नव्हती, घर विहिरीजवळ आलं होतं. अंतराचा राज्याचा नियम नव्या विहिरीला लागू होतो. जुन्या विहिरीशेजारी नवं घर बांधू द्यायचं की नाही, हे गावची नगरपालिका किंवा काउंटी ठरवते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या स्फोटाची चौकशी केली. कापलेल्या नळीबरोबरच आणखी एका गोष्टीवर त्याने बोट ठेवलं: कंपनीकडून जमिनीखालच्या नळ्यांची पूर्ण कागदपत्रं न घेताच स्थानिक यंत्रणेने तिथे घरं बांधायला परवानगी दिली होती. म्हणून या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. अंतराचा आकडा महत्त्वाचा आहे, पण तो पाच प्रश्नांपैकी फक्त एक आहे. जमिनीखाली काय आहे, धोक्याचे आठवडे कोणते, हवा कोण मोजतं आणि दिलेली हमी कुठल्या कागदावर आहे, हे विचारल्याशिवाय कुठलाही आकडा तुमचं रक्षण करणार नाही. डेन्व्हरच्या उत्तरेकडच्या उपनगरांत, टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या आसपास किंवा लॉस एंजेलिस परिसरात घर घेणाऱ्यांनी हे वाचावंच. मुलगा-सून तिकडे घर बघताहेत म्हणून पुण्यात किंवा नाशकात बसून नकाशा उघडणाऱ्या आईवडिलांनाही याचा उपयोग होईल.

आधी त्या आकड्याचा प्रवास पाहू, कारण तो कसा ठरतो हे कळलं की त्याच्यावर किती विसंबायचं हेही कळतं. कोलोरॅडोत २०१३ साली घरापासून ५०० फूट आणि शाळा-रुग्णालयापासून १,००० फूट असा नियम झाला. २०१८ च्या नोव्हेंबरात हे अंतर २,५०० फूट करण्याचा प्रस्ताव, म्हणजे प्रपोझिशन ११२, राज्यभर मतदानाला आला आणि सुमारे ५५ टक्के विरोधी मतांनी पडला. तेल उद्योगाने त्याच्या विरोधात तीन कोटी डॉलरहून अधिक पैसा ओतला होता. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, राज्याने कायदाच बदलला. तोवर तेल-वायू आयोगाचं काम उद्योगाला चालना देणं हे होतं. आता लोकांचं आरोग्य, सुरक्षितता आणि पर्यावरण जपत उद्योगाचं नियमन करणं हे त्याचं कर्तव्य ठरलं आणि स्थानिक संस्थांनाही अधिकार मिळाले. त्या कायद्याखाली झालेल्या नियमांनी जानेवारी २०२१ पासून घरं आणि शाळांसाठी २,००० फुटांचं अंतर घातलं. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये ३,२०० फुटांचा कायदा केला. उद्योगाने सार्वमताची मागणी करून तो अडवला आणि २०२४ मध्ये ती मागणी मागे घेतली, तेव्हा कुठे तो अमलात आला. हे आकडे एखाद्या प्रयोगशाळेतून जसेच्या तसे उतरलेले नाहीत. त्यांच्यामागे विज्ञान आहे, तशीच घासाघीसही आहे.

विज्ञान काय म्हणतं तेही नीट वाचायला हवं. कोलोरॅडोच्या आरोग्य विभागाने करवून घेतलेला एक अभ्यास ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३०० ते २,००० फुटांच्या पट्ट्यात, वाईटात वाईट परिस्थितीत, डोकेदुखी, चक्कर, डोळ्यांची आणि श्वासनलिकेची जळजळ असे अल्पकालीन त्रास होऊ शकतात, असं त्यात दिसलं. यातले ‘वाईटात वाईट परिस्थितीत’ हे शब्द फार मोलाचे आहेत. धोका बारा महिने चोवीस तास सारखा नसतो. विहीर खोदून झाली की पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबाने आत सोडून खडक फोडतात, हे फ्रॅकिंग. त्यानंतर आत गेलेलं पाणी वायू आणि तेलाचे अंश घेऊन उलटं वर येतं. याला फ्लोबॅक म्हणतात. या टप्प्यात बेन्झीनसारखे वायू सर्वाधिक बाहेर पडतात. एका पॅडवर, म्हणजे एका सपाट केलेल्या भूखंडावर, वीस-पंचवीस विहिरी असल्या तर हा टप्पा एकामागून एक विहिरीसाठी येत राहतो. वारा पडलेला असेल आणि थंड हवा जमिनीलगत साचून राहिली असेल, तर ती हवा हलत नाही. तेव्हा वर्षाची सरासरी काढली तर आकडे साळसूद दिसतात, आणि त्रास होतो तो काही तासांत.

कोलोरॅडोतल्याच ग्रीली शहरातल्या बेला रोमेरो शाळेचं उदाहरण या संदर्भात मुद्दाम समजून घ्यावं. शाळेच्या मैदानापलीकडे २४ विहिरींचा पॅड मंजूर झाला. ५ नोव्हेंबर २०१९ ला शाळेजवळ उभ्या असलेल्या राज्याच्या फिरत्या प्रयोगशाळेने हवेत बेन्झीनचं प्रमाण १०.२४ भाग प्रति अब्ज इतकं नोंदवलं. अल्पकालीन संपर्कासाठीची मार्गदर्शक मर्यादा ९ आहे. ही उसळी थोडाच वेळ टिकली. पण ती गाडी त्या दिवशी तिथे नसती तर ती नोंदलीच गेली नसती, आणि ‘इथे कधीही मर्यादा ओलांडली गेली नाही’ हे वाक्य कागदोपत्री खरं राहिलं असतं. म्हणून पॅडच्या अर्जावरच्या सुनावणीत ‘हवा तपासणार का?’ असं विचारून थांबू नका. खोदकाम सुरू होण्याआधीची हवा मोजणार का, यंत्र वाऱ्याच्या कुठल्या बाजूला ठेवणार, दर तासाचे आकडे लोकांना दिसणार की महिन्याची सरासरी, आणि मर्यादा ओलांडली तर काम कुणी आणि किती वेळात थांबवायचं, हे विचारा. ब्रूमफील्ड शहराने वस्तीजवळच्या पॅडसाठी स्वतःच्या खर्चाने हवा तपासणीची व्यवस्था उभी केली. कंपनीची तपासणी आणि शहराची तपासणी यांत किती फरक असतो, ते तिथल्या रहिवाशांना त्यामुळे कळलं.

आता घर घेण्यापूर्वी काय करायचं ते. कोलोरॅडोच्या आयोगाचं नाव २०२३ पासून एनर्जी अँड कार्बन मॅनेजमेंट कमिशन असं आहे. त्याच्या सार्वजनिक नकाशावर प्रत्येक विहिरीची नोंद असते. चालू विहिरी सगळेच बघतात. तुम्ही बुजवलेल्या आणि सोडून दिलेल्या विहिरींच्या खुणा शोधा. घरांची नवीकोरी वसाहत दिसली की पूर्वी तिथे शेत होतं एवढं आपण समजून घेतो, पण फायरस्टोन ज्या वेल्ड काउंटीत आहे तिथे त्या शेताखाली तेलाचं जाळं असण्याची शक्यता मोठी आहे. फायरस्टोननंतर राज्याने कंपन्यांना विहिरीच्या नळ्यांची, म्हणजे फ्लोलाइनची, नोंद करायला लावली आहे. ती नोंद बघा आणि बिल्डरला लेखी विचारा: या भूखंडाखालच्या नळ्या काढल्या आहेत की जागेवरच सोडल्या आहेत? सोडल्या असतील तर दोन्ही टोकं विहिरीपासून तोडून बंद केल्याचा दाखला कुठे आहे? उत्तर तोंडी मिळालं तर ते मिळालं नाही असंच धरा. तळघर असेल तर मिथेन ओळखणारं यंत्र बसवा. धूर ओळखणारं किंवा कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं यंत्र हे काम करत नाही. आणि अंगणात झाड लावायला किंवा कुंपणाचा खांब रोवायला खड्डा खणण्यापूर्वी ८११ वर फोन करून जमिनीखालच्या वाहिन्यांची आखणी करून घ्या.

घराच्या कागदांत आणखी एक गोष्ट असते, ती आपल्या माणसांच्या चटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागलं तरी जमिनीच्या पोटातलं तेल सरकारचं, हे आपण गृहीत धरतो. अमेरिकेत पोटातलं खनिज खासगी मालकीचं असू शकतं, आणि ते जमिनीच्या मालकाचंच असेल असं नाही. पन्नास वर्षांपूर्वी शेत विकताना कुणीतरी खनिजहक्क स्वतःकडे राखून ठेवलेले असतात, आणि घर घेणाऱ्याला वरचा पृष्ठभाग तेवढा मिळतो. कोलोरॅडोतल्या घरविक्रीच्या करारात या शक्यतेची सूचना छापलेली असते. सह्यांच्या गर्दीत ती वाचायची राहून जाते. खनिजहक्क तुमच्याकडे आले असतील, तर एक दिवस कंपनीचं भाडेपट्ट्याचं पत्र येईल. तुम्ही नाही म्हणालात तरी इतर हक्कदारांची पुरेशी संमती असेल, तर तुमचा वाटा सक्तीने एकत्र घेता येतो. २०१९ च्या कायद्याने त्यासाठी ४५ टक्के खनिजहक्कांची संमती लागेल अशी अट घातली. त्या पत्राला उत्तर न देणं म्हणजे नकार, असं समजू नका. मुदतीत वकिलाला दाखवा, आणि शेजाऱ्यांनाही तेच पत्र आलं आहे का ते विचारा.

नव्या पॅडचा अर्ज झाला की २,००० फुटांच्या आतल्या रहिवाशांना सूचना येते. इथून पुढचा काळ सर्वांत मोलाचा असतो, आणि नेमका तोच वाया जातो. यंत्रं उभी राहिली, ध्वनिरोधक भिंती चढल्या, वाळूचे ट्रक रांगेने येऊ लागले, मग लोक सभागृहात गर्दी करतात. तोवर परवाना झालेला असतो, आणि वरातीमागून घोडं निघाल्यासारखं होतं. अर्ज वाचताना सर्वांत आधी पर्यायी जागांचं प्रकरण उघडा. नव्या नियमांनुसार घरांच्या जवळ जागा मागणाऱ्या कंपनीला दुसऱ्या कोणत्या जागा तपासल्या आणि त्या का नाकारल्या हे लिहावं लागतं. हे प्रकरण महत्त्वाचं आहे, कारण आजची विहीर खाली सुमारे सात हजार फूट उतरून मग आडवी दोन-दोन मैल जाते. तेल कुठे आहे यावरून जमिनीवरचा पॅड कुठे असावा हे आता पक्कं ठरत नाही. पॅड पाऊण मैल सरकवला तर तेच तेल मिळतं का, मिळत असेल तर खर्च किती वाढतो, असा नेमका प्रश्न लेखी टाकला की त्याचं उत्तरही लेखीच द्यावं लागतं.

दुसरी काळजी सहीची. २,००० फुटांच्या नियमाला पळवाटा आहेत, आणि त्या नियमातच लिहिलेल्या आहेत. आतल्या सर्व रहिवाशांनी लेखी संमती दिली तर विहीर जवळ येऊ शकते. आयोगाला संरक्षण तेवढंच मिळेल असं पटलं तरीही येऊ शकते. त्यामुळे कुणीतरी दारात येतं, गोड बोलतं, थोडी रक्कम देऊ करतं आणि एक कागद पुढे करतं. भाडेकरूलाही हा कागद येऊ शकतो. तो त्या दिवशी सही करण्याचा कागद नाही. विहिरी किती, खोदकाम आणि फ्रॅकिंग मिळून किती महिने, यंत्रं डिझेलवर की विजेवर, तेल नळीने जाणार की टाक्यांत साठवून ट्रकने, रात्रीचं काम किती, हे त्यात नसेल तर संमती कशाला देतो आहोत हेच तुम्हाला माहीत नाही. कंपनीचा माणूस सभेत ‘आम्ही विजेवरचीच यंत्रं वापरतो’ असं सांगतो तेव्हा तो खरंही बोलत असेल. पण ते वाक्य परवान्याच्या अटींत उतरलं तरच मोडल्यावर दंड होतो. आपली सगळी धडपड तोंडी आश्वासन अटीत उतरवून घेण्यासाठी हवी. शिवाय मंजुरी टप्प्याटप्प्याने होते हेही लक्षात ठेवा. अरोरा शहराजवळच्या लोअरी रँचसाठी २०२४ मध्ये १६६ विहिरींपर्यंतचा एकत्रित आराखडा मंजूर झाला. तरी प्रत्येक पॅडला वेगळा परवाना लागतो, आणि प्रत्येक वेळी हरकत नोंदवता येते. पहिल्या मंजुरीला खचून घरी बसणं ही मोठी चूक ठरेल.

हरकत कशी लिहावी? एकाच मजकुराखाली पाचशे सह्या घेण्यापेक्षा पाच वेगवेगळी, ठोस पत्रं अधिक वजनदार ठरतात. एकात शाळेची वेळ आणि ट्रकचा मार्ग एकमेकांना छेदतात हे नकाशासह दाखवा. दुसऱ्यात दम्याचा त्रास असलेल्या मुलांची काळजी त्यांच्या डॉक्टरच्या पत्रासह मांडा. तिसऱ्यात जुन्या विहिरींची यादी द्या, कारण नव्या विहिरीत दाब सोडला की जवळच्या जुन्या, नीट न बुजवलेल्या विहिरीतून द्रव वर येण्याचा धोका असतो. वास येऊ लागला तर वही ठेवा: तारीख, वेळ, वारा कुठून, किती मिनिटं, कुणाला काय झालं. हवेचा नमुना घेण्यासाठी स्टीलची निर्वात डबी मिळते. तिची झडप उघडली की ती आजूबाजूची हवा ओढून घेते आणि मग प्रयोगशाळेत जाते. ती वास येत असताना उघडावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं निवळल्यावर घेतलेला नमुना फक्त कंपनीच्या कामाचा.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला पैशाचा. २,५०० फुटांचा प्रस्ताव आला तेव्हा राज्याच्या आयोगानेच हिशेब मांडला होता की संघराज्याच्या मालकीची नसलेली ८५ टक्के जमीन विहिरींसाठी बंद होईल. वेल्ड काउंटीत शाळांना आणि रस्त्यांना तेलाच्या करातून मोठा पैसा मिळतो. हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते. खनिजहक्क बाळगणारा निवृत्त शेतकरीही शेजारीच असतो. हे सगळं खरं आहे. पण ८५ टक्के हा आकडा जमिनीच्या पृष्ठभागाचा होता. आडव्या विहिरीने पृष्ठभाग आणि भूगर्भ यांची गाठ सैल केली आहे, त्यामुळे बंद झालेल्या जमिनीखालचं सगळं तेल हातचं गेलं असं होत नाही. आणि शेतकऱ्याचा हक्क मान्य करूनही विजेवरची यंत्रं, टाक्यांऐवजी नळी आणि चार महिने आधीपासून हवा तपासणी मागता येते. त्याचा वाटा त्याने बुडत नाही.

दुसरा आक्षेप असा की अभ्यासांनी काहीच सिद्ध झालेलं नाही. कोलोरॅडो स्कूल ऑफ पब्लिक हेल्थच्या लिसा मॅकेन्झी यांच्या २०१७ च्या अभ्यासात, ५ ते २४ वयोगटातल्या विशिष्ट रक्तकर्करोगाच्या रुग्णांची घरं विहिरींच्या दाट पट्ट्यात असण्याचं प्रमाण इतर कर्करोगांच्या रुग्णांपेक्षा जास्त दिसलं. टीकाकार म्हणतात, रुग्णसंख्या लहान आहे, इतर कारणं पूर्ण वगळलेली नाहीत. ही टीका ऐकून घ्यावी. एका अभ्यासाच्या जोरावर ‘विहिरीने कर्करोग होतो’ असा फलक घेऊन सुनावणीला जाऊ नये, कारण तिथे तुमचा संपूर्ण युक्तिवाद त्या एका वाक्यावरून मोडीत काढला जाईल. मात्र कॅलिफोर्नियाने नेमलेल्या वैज्ञानिकांच्या समितीने २०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून सांगितलं की १ किलोमीटरच्या आत राहणं आणि गर्भारपणातले, नवजात बाळांचे आणि श्वसनाचे त्रास यांच्यातल्या कार्यकारण संबंधाबद्दल त्यांना मोठी खात्री आहे. पूर्ण सिद्धतेची वाट पाहायची म्हटलं तर ती वाट आज तिथे राहणाऱ्या मुलांच्या श्वासातून जाते. सुनावणीत मागणी करायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

तिसरा आक्षेप विरोधकांच्याच गोटातून येतो आणि मला तो सर्वांत जड वाटतो. अटींवर बोलायला बसलात म्हणजे विहीर मान्य केलीत. मागायची तर सरसकट बंदी मागा, असं ते म्हणतात. कोलोरॅडोतल्या लाँगमाँट शहराने २०१२ मध्ये मतदानाने फ्रॅकिंगवर बंदी घातली. २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. टेक्ससमधल्या डेंटनने २०१४ मध्ये तेच केलं. काही महिन्यांत राज्याच्या विधिमंडळाने शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. मतं मिळाली, बंदी टिकली नाही, कारण अधिकार त्या दारात नव्हता. कोलोरॅडोत २,५०० फूट मतपेटीत हरले आणि दोन वर्षांनी २,००० फूट नियमांच्या पुस्तकात आले. यात निवडणुकीनंतर बदललेल्या सत्तेचा वाटा होता, तो नाकारत नाही. आणि हरलेल्या मोहिमेने विषय घराघरांत नेला नसता तर सत्ता बदलूनही काही घडलं नसतं, हेही खरं. बंदी मागणाऱ्यांनी ती जरूर मागावी. पण त्यांच्या गल्लीतल्या अर्जाची मुदत पुढच्या आठवड्यात संपत असेल, तर तो अर्ज कुणीतरी वाचायलाच हवा.

उरतो तो ‘तुम्हीही गाडी चालवता, मग विहीर दुसऱ्याच्याच दारात का?’ हा सवाल. याचं उत्तर पुन्हा ग्रीलीत मिळतं. बेला रोमेरोजवळच्या पॅडच्या आधी शहरातल्या दुसऱ्या एका शाळेजवळ जागा सुचवली होती. तिथल्या पालकांनी जोरदार विरोध केला आणि ती योजना बारगळली. विहिरी गेल्या ज्या शाळेत बहुसंख्य मुलं लॅटिनो कुटुंबांतली आहेत तिच्याजवळ. तुमच्या वसाहतीने पॅड हटवला आणि तो कुठे गेला हे पाहिलं नाही, तर तुम्ही फक्त जागा बदललीत. म्हणूनच मागणी करताना ‘इथे नको’ यापाशी थांबू नये. जी अट आपल्यासाठी मागतो ती पर्यायी जागेसाठीही मागावी. आपल्या लोकांना इंग्रजी येतं, कागद वाचता येतो, संध्याकाळी सभेला जाता येतं. शेजारच्या वस्तीत दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्यांना हे जमत नाही. त्यांच्या भाषेत सूचना गेली का, एवढं विचारणारं एक पत्रही आयोगाच्या नोंदीत राहतं.

भारतात राहणाऱ्या वाचकांना हे लांबचं वाटेल. महाराष्ट्राचं तेल समुद्रात, मुंबई हायला. ते उरणला किनाऱ्यावर येतं, आणि तिथल्या प्रकल्पात ३ सप्टेंबर २०१९ ला लागलेल्या आगीत चार जण गेले. पण वस्तीजवळच्या विहिरीचा आपल्या देशातला मोठा धडा आसामात आहे. तिनसुकिया जिल्ह्यातल्या बाघजानमध्ये २७ मे २०२० ला ऑइल इंडियाच्या चालू विहिरीवर दुरुस्तीचं काम सुरू असताना वायूचा उद्रेक झाला, ९ जूनला आग लागली, अग्निशमन दलाचे दोघे गेले, हजारो माणसं छावण्यांत राहिली, आणि आग विझायला नोव्हेंबर उजाडला. विहीर खोदताना नव्हे, कित्येक वर्षांनी दुरुस्तीच्या वेळी हे झालं. म्हणजे धोक्याचे आठवडे कोणते हा प्रश्न विहीर जिवंत आहे तोवर विचारत राहावा लागतो. त्याच वर्षी १६ जानेवारीच्या अधिसूचनेने तेल-वायूच्या शोधासाठीची विहीर ‘ब-२’ वर्गात टाकली, त्यामुळे त्या टप्प्यावर जनसुनावणी उरली नाही. प्रत्यक्ष उत्पादनाच्या टप्प्यावर ती आहे. तेव्हा गावात सर्वेक्षणाच्या गाड्या दिसल्या की ग्रामसभेत विषय घ्या, पर्यावरण मंजुरीच्या पत्राची प्रत मिळवा आणि कंपनीने दर सहा महिन्यांनी द्यायचा अटींच्या पालनाचा अहवाल माहिती अधिकारात मागा. त्या अहवालात गावाच्या नावापुढे हवेचे आकडे असतात. ते कुठल्या दिवशी, कुठल्या घराशेजारी घेतले, हे गावातल्या माणसांना विचारून ताडून बघा.